दाणे भाजताना

"बाबा, ही भांडी कोणाची?"

हृषीनं स्वयंपाकघरातलं फडताळ उघडलं होतं आणि ते लावायला तो विसरला होता. जिथं पूर्वी हेमाचे डाळी-पिठांचे डबे असत, तिथं आता एकात एक बसवलेली पातेली, झाकणाचे डबे, काचेचे वाडगे आणि नाव कोरलेला एक पितळी गंज अशी दाटी झाली होती. सगळी भांडी घासून, पुसून, उपडी घातलेली.

"शेजाऱ्यांची," मी म्हणालो.

"मग आपल्याकडं काय करताहेत?"

या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते मोठ्यानं सांगण्यासारखं नव्हतं. हेमा, म्हणजे माझी पत्नी, त्या वर्षी संक्रांतीच्या आधी गेली. त्यानंतर गल्लीतल्या बायकांनी मला उपाशी राहू दिलं नाही. कुणाकडून आमटी यायची, कुणाकडून उसळ, कुणाकडून नुसताच मऊ भात. मी खायचो, भांडं घासायचो आणि तिथंच अडायचो. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, एवढं मला माहीत होतं. काहीच नसेल तर चिमूटभर साखर घालून देतात, हेही माहीत होतं. पण दुःखाच्या घरातून साखर पाठवावी की नाही, हे मला कळेना. मी जन्मभर कॉलेजात ग्रंथपाल होतो, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कुठल्यातरी कपाटात असतं अशी ग्रंथपालाची समजूत असते. रीतिरिवाजांवरची होती नव्हती ती पुस्तकं मी पाहिली. सुतक किती, कुणाचं, हे सगळं होतं. साखरेबद्दल कुणीच लिहिलं नव्हतं. कुणाला विचारायचा धीर झाला नाही. त्यांनाही मागायचा संकोच वाटत असावा. अशी ती भांडी साठत गेली.

हे मी हृषीला अर्धवट सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि फडताळ लावलं. गणपतीसाठी तो पुण्याहून एकटाच आला होता, सून गौतमी आली नव्हती. संध्याकाळी आरतीनंतर तो माझ्याजवळ बसला आणि त्यानं ठरवून आणलेलं बोलायला सुरुवात केली. मी एकटा राहणं बरं नाही, घराला कुलूप लावावं, पुण्याला त्यांच्याकडं यावं.

मला जुन्नरहून हलायचं नव्हतं. कारण विचाराल तर फार मोठं नाही. मागच्या खिडकीतून शिवनेरी दिसायचा. दिवे गेले तरी हवं ते पुस्तक हाताला लागायचं. आणि ज्या घरात मला कुणी काही विचारत नव्हतं, असं जगातलं ते एकच घर होतं.

"मी करून खाईन," मी म्हणालो.

"काय करून खाल?"

हृषी तसा न्यायी मुलगा आहे. म्हणाला, "ठीक आहे. दिवाळीला मी आणि गौतमी येऊ. तोवर तुमचं तुम्ही नीट करून खाताय असं दिसलं तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. नाही दिसलं तर तुम्ही कुरकुर करायची नाही."

मी हो म्हणालो. पंचाहत्तरीला टेकलेल्या माणसाची परीक्षा, आणि विषय असा की त्याचं एकही पुस्तक मी कधी स्वतःच्या नावावर घरी आणलं नव्हतं.

दोन-चार दिवसांत शेजारच्या ताजणे वहिनी आल्या. ताजण्यांची टोमॅटोची बाग होती. वहिनी पहाटे टेंपोत क्रेट भरून नारायणगावच्या मार्केटला जायच्या आणि व्यापाऱ्यांशी भांडून दुपारी परत यायच्या. घरचा स्वयंपाक त्यांची जाऊ बघायची, कारण वहिनींच्या हाताला चव नाही हे गल्लीत सर्वांना ठाऊक होतं. त्या मला सर म्हणत.

"सर, आमचा डबा असंल तुमच्याकडं. कडीला सुतळी बांधलेला."

मी म्हटलं, आहे, पण रिकामा कसा देऊ. त्यांनी स्वतःच फडताळ उघडलं, आत पाहिलं आणि खाली बसून पदर तोंडाला लावून बराच वेळ हसल्या.

"म्हंजी आख्ख्या गल्लीची भांडी हितं हायेत. आन गल्ली काय म्हणती ठाऊक आहे का? सर नीट जेवतात, भांडंसुद्धा मागं ठेवत नाहीत."

मग मी साखरेची अडचण सांगितली. त्यांचं हसू थांबलं. त्यांनी बोटानं उपडी भांडी मोजली. नंतर बाहेर गेल्या आणि पिशवीभर हिरवे टोमॅटो घेऊन आल्या. बाग टप्प्याटप्प्यानं उपटायला काढली होती, म्हणाल्या. वेलीवर राहिलेले हे आता पिकायचे नाहीत, आणि मार्केटला यांना कुणी विचारत नाही. यांची चटणी करा, एकेका भांड्यात घाला आणि द्या पाठवून. भांडीपण जातील आणि तुमचा हातही बसंल.

हिरव्या टोमॅटोची चटणी मला परकी नव्हती. हेमा दरवर्षी या दिवसांत ती करायची. खरं सांगायचं तर ती कडवट व्हायची, कारण दाणे तिच्याकडून नेहमी जास्त भाजले जायचे. लग्नानंतर लवकरच माझ्या आईच्या हे लक्षात आलं. आई स्वयंपाकाच्या बाबतीत कडक होती, पण मनानं मोठी. "हिला ओट्यापाशी ठेवण्यात अर्थ नाही, हिला शाळेत लागू दे, निदान पोरांचं तरी भलं होईल," असं म्हणून तिनं हेमाला मुलींच्या शाळेत नोकरी करू दिली. त्या काळात जुन्नरला सून नोकरीला पाठवणारी घरं थोडी होती. आईच्या पुरोगामीपणाचं उदाहरण मी लोकांना अनेकदा दिलं आहे.

आई गेल्यावर स्वयंपाक हेमाकडं आला आणि चटणीही. मी ती जन्मभर खाल्ली. कधी नाक मुरडलं नाही, पाण्याचा घोट वर घेतला नाही, उलट पुन्हा मागून घेतली. माझ्यात नवरा म्हणून उणिवा पुष्कळ होत्या. पण आपण तिला एकदाही कळू दिलं नाही, या एका गोष्टीचं मला मनातल्या मनात समाधान होतं.

तर मी चटणीच्या मागं लागलो. पाकशास्त्राची जुनी पुस्तकं जमवली. त्यांच्यात कशाबद्दलच एकमत नव्हतं. एक म्हणे हिरवे टोमॅटो जपून खावेत, दुसरं म्हणे ते पित्तशामक आहेत. दाण्यांबद्दल सगळ्यांनी "खमंग भाजावेत" एवढंच लिहिलं होतं, आणि खमंग म्हणजे किती, हे कोशातही नव्हतं. मी एका हातात पुस्तक धरून दुसऱ्या हातानं उलथनं फिरवायचो. पान उलटेपर्यंत दाणे काळे. पहिले काही घाणे मी मागच्या परसात पुरले. फेकले असते तर कुणीतरी पाहिलं असतं.

दाणे भाजताना वाचता येत नाही, हा शोध मला असा उतारवयात लागला. हेमाही ओट्याशी मासिक उघडं ठेवायची. तिचेही त्यामुळंच जळत असणार, असं मी ठरवून टाकलं आणि मला बरं वाटलं.

पुस्तक ठेवून दिल्यावर जमू लागलं. मंद आचेवर दाणे तडतडतात, मग त्यांचा आवाज कमी होतो आणि वास बदलतो, तेवढ्यात उतरवायचे. सालं चोळून पाखडायची. टोमॅटोच्या फोडी हिरव्या मिरच्या, लसूण आणि जिऱ्याबरोबर थोड्या तेलावर परतायच्या, त्यांचा आंबटपणा मऊ होईपर्यंत. मग मीठ, गुळाचा खडा आणि खलबत्त्यात दोन्ही एकत्र, भरड. फार बारीक केलं की ती चटणी न राहता लगदा होतो.

अक्रोडाची कल्पना गौतमीची. माझी सून शिकलेली आणि काळजी करणारी आहे. तिनं फोनवर मला बराच वेळ समजावलं की तेल कमी, फोडण्या कमी, आणि रोज मूठभर अक्रोड खायचे, हृदयाला चांगले. पाठोपाठ पार्सल आलं. नुसता अक्रोड मला जुन्या लाकडासारखा लागतो. पण सुनेला खोटं सांगायला नको, म्हणून मी तो किंचित भाजून दाण्यांबरोबर कुटला. चटणीला एक स्निग्ध, खोल चव आली. मी वाटी चाटली. खिडकी बंद होती म्हणून चाटली.

मग भांडी जायला लागली. प्रत्येकात चटणी. पहिल्यांदा बायकांना वाटलं मी विकत आणली. नंतर कळलं तेव्हा एकेक जण दारात येऊन विचारू लागली, आणि मी चौकटीला धरून, खाली पाहून कृती सांगू लागलो. सुतळीचा डबाही भरून गेला. आठवड्याभरानं वहिनी तो हातात घेऊन आल्या. आमच्या ह्यांनी बोटं चाटली, म्हणाल्या, आन जावेला म्हणतात सरांकडं शिकायला जा. हे सांगताना त्या हसत नव्हत्या.

"सर, एक सांगू का? एवढी चांगली करू नका."

मला वाटलं, जावेला टोचून बोलतात ते ऐकून त्यांना वाईट वाटलं असेल, किंवा स्वतःच्या चटणीवरून वाटलं असेल. त्यांची चटणी मी दोन-तीनदा खाल्ली होती. हेमाच्या चटणीची सख्खी बहीण शोभली असती. मी सौजन्यानं म्हटलं, तुमचीही छानच असते. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी विषय बदलला.

दिवाळीला हृषी आणि गौतमी आले. आल्या आल्या हृषी पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेला. फडताळ उघडल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. आत एका ओळीत माझेच डबे होते, चिठ्ठ्या चिकटवलेले. तो बाहेर येऊन बसला. मला वाटलं, पहिला पेपर सुटला.

पाडव्याला मी सगळं स्वतः केलं. आमटी, भात, दाण्याचं कूट लावून हिरव्या टोमॅटोची भाजी आणि चटणी. भाकऱ्या मात्र ताजणे वहिनींच्या जावेनं दिल्या होत्या, तेवढं मी आधीच कबूल केलं. हृषी खाली मान घालून जेवत होता. गौतमीनं पहिला घास घेतला आणि विचारलं यात काय आहे. मी अक्रोड म्हटल्यावर तिनं हृषीकडं पाहिलं. मग तिनं चटणी पुन्हा घेतली, आणि मग वाटीच स्वतःजवळ ओढून घेतली. मी वाढत होतो आणि मनात म्हणत होतो, झालं, आता शिवनेरी कुठं जात नाही.

हात धुऊन झाल्यावर हृषी म्हणाला, "बाबा, तुम्ही जिंकलात."

मी म्हटलं, तसं काही नाही.

"नाही, खरंच. आणि आता सांगायला हरकत नाही. आम्ही येताना गाडीत ठरवलं होतं की तुम्हाला इथंच राहू द्यायचं. कसंही करत असलात तरी."

"कसंही?"

"म्हणजे बघा ना. आम्ही दोघं आठला बाहेर पडतो. स्वयंपाकाच्या बाई टिकत नाहीत. बाहेरचं खाऊन माझं कोलेस्टेरॉल हे एवढं. त्यात तुम्ही आलात तर तुमच्या पथ्याचं कोण करणार? हीच एक अडचण होती."

"मोठी अडचण होती," गौतमी म्हणाली. "आणि बाबा, आम्हाला इतकं वाईट वाटत होतं. पण आता अडचणच उरली नाही." आनंदानं तिचे डोळे ओले झाले होते. ती खोटं बोलत नव्हती, हीच तर पंचाईत.

मला नाही म्हणायला वेळ लागतो. मी वाक्य मनात जुळवतो, त्यातला कठोर शब्द काढतो, दुसरा घालतो. तेवढ्यात लोकांचं ठरून जातं. मी वाक्य तयार केलं तेव्हा हृषी माझी कुठली पुस्तकं पुण्यात मावतील ते मोजत होता, आणि गौतमी विचारत होती की तिकडं खलबत्ता मिळेल की इथूनच न्यायचा.

"इथूनच नेऊ," मी म्हणालो. "तिकडचे हलके असतात."

तुळशीच्या लग्नानंतर मी निघालो. हृषी खोकी गाडीत भरत होता. मी ओसरीवर उभा होतो. तेव्हा ताजणे वहिनी सुतळीचा डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, वाटेत खायला चटणी आहे, शेवटच्या टोमॅटोंची. चाखून बघा.

मी चेहरा तयार केला. या बाबतीत मला जन्मभराचा सराव होता. बोटावर थोडी चटणी घेऊन जिभेवर ठेवली. मग पुन्हा घेतली. अक्रोड नव्हता, गूळही नव्हता, नुसतेच टोमॅटो, मिरची आणि दाणे. पण दाणे असे भाजलेले की मी महिनाभर ज्या वासाच्या मागं होतो, तो तिथं सहज बसला होता.

"वहिनी, ही कुणी केली?"

"मी."

"तुम्ही?"

"मग काय तर. मला दाणे भाजता येत नाहीत असं वाटलं व्हय?" त्यांनी गाडीकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "लग्न होऊन आले तेव्हा मोठं खटलं होतं घरात. जिच्या हाताला चव, ती जन्मभर चुलीम्होरं. मला बागेत जायचं व्हतं, मार्केट बघायचं व्हतं. मग काय, जाळले दाणे. सासूबाईंनीच वट्ट्यापासनं हाकललं. म्हणल्या, तू बाई मळ्यातच बरी. म्हणून तर तुम्हाला म्हणलं होतं, एवढी चांगली करू नका."

मला हसू आलं. आपण इतकी पुस्तकं चाळली आणि ही युक्ती एकातही नव्हती, असं मी म्हटलं. तुम्हाला सुचली कशी, असंही विचारलं.

"मला कुठलं सुचतंय, सर. मला हेमाताईंनी सांगितलं."

हृषीनं डिकी लावल्याचा आवाज झाला.

"त्यांनी तुमच्या आईपुढं जे केलं, तेच मला शिकवलं. त्यांना शाळेत जायचं व्हतं ना."

मी डब्याचं झाकण लावू पाहत होतो. ते नीट बसेना. शेवटी म्हणालो, "पण आई जाऊन कितीतरी वर्षं झाली. त्यानंतर तर कुणाचा धाक नव्हता. तरी ती तशीच करत राहिली."

"मीपण विचारलं व्हतं एकदा." वहिनींनी माझ्या हातून झाकण घेतलं आणि दाबून बसवलं. "म्हणल्या, आता कशी बदलू गं? ह्यांना तशीच आवडती. इतक्या वर्षांत एकदा नाव ठेवलं नाही, मागून मागून खातात. म्हणल्या, कधी कधी मलाच कडू लागती, पण ह्यांच्यासाठी जाळते."

हृषीनं हॉर्न वाजवला. मी गाडीत बसलो. नारायणगाव मागं पडल्यावर त्यानं विचारलं, घरी काही राहिलं नाही ना. मी नाही म्हणालो. डबा मांडीवर होता.

त्याला आता बरीच वर्षं झाली. पुण्यात माझं चांगलं चाललं आहे. सकाळी आठच्या आत दोन डबे भरतो, दुपारी वाचतो, संध्याकाळी पुन्हा ओट्याशी. गौतमीच्या ऑफिसात माझ्या चटणीला नाव आहे. हृषीचं कोलेस्टेरॉल उतरलं, त्याचं श्रेय डॉक्टर गोळ्यांना देतात आणि गौतमी मला. सुतळीचा डबा अजून माझ्याकडंच आहे. तो भरून जुन्नरला पाठवावा असं दर हिवाळ्यात ठरवतो, आणि भरला की कुणीतरी ऑफिसला घेऊन जातं.

पहिल्याच वर्षी, थंडीत मंडईत हिरवे टोमॅटो दिसले तेव्हा मी एक दिवस मनाचा हिय्या केला होता. घरी कुणी नव्हतं. कढईत दाणे टाकले आणि वास बदलल्यावरही हात आवरून धरला. हे वाटतं तितकं सोपं नाही. भाजता येऊ लागलं की जाळायला फार संयम लागतो. ओट्याशेजारी मी एक मासिक उघडून ठेवलं, पण त्यातली एकही ओळ वाचली नाही. दाणे काळे पडेपर्यंत उभा राहिलो, मग ते कुटले आणि रात्री तीच चटणी पानात वाढली. वहिनींच्या हिशेबानं आठ दिवसांत माझी सुटका व्हायला हवी होती.

गौतमीनं एक घास घेतला आणि पाण्याचा पेला उचलला. हृषीनं घास तोंडात घातला आणि तो थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग चटणीकडं पाहिलं, आणि पुढचे दोन-तीन घास अगदी सावकाश खाल्ले.

मग त्यानं ताट पुढं केलं.

"अजून आहे का, बाबा?"

मी वाढली. त्याला ती आईची म्हणून आवडली, की तो माझं मन राखत होता, हे मी विचारलं नाही. तेव्हापासून आठवड्यातून एकदा मी त्याच्यासाठी दाणे जाळतो, आणि दर वेळी तो ती चटणी मागून घेतो. आमच्या घराण्यात चटणीला नाव ठेवायची पद्धत नाही.